दुर्बिणीमागचा धूर: आकाशदर्शनाचा कार्बन-हिशेब कसा मांडायचा

डिसेंबरात मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला आमचं पुण्यातलं छोटं मंडळ भोरच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर गेलं होतं. माणसं ३४, दुर्बिणी चार, थंडी मरणाची. शेताच्या कोपऱ्यात भाड्याने आणलेला जनरेटर रात्रभर धडधडत होता, आणि वारा फिरला की पेट्रोलचा भपकारा थेट दुर्बिणीपाशी. मला त्या जनरेटरचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जाहीर करून टाकलं: पुढच्या वेळेपासून सौर पॅनेल, वर्गणी काढू.

आमच्यातल्या एक काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी हिशेब मांडलास का रे?"

मांडला नव्हता. रविवारी बसून मांडला. जनरेटरने रात्रभरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड निघाला १६ किलो. ज्या बारा गाड्यांतून आम्ही गेलो, त्यांचा निघाला २३९ किलो. ज्याचा आवाज येत होता त्याच्यावर मी चिडलो होतो, आणि खरा खर्च झाडाखाली गुपचूप उभा होता.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाची वही ठेवतो. नव्याने आकाशदर्शन सुरू करणाऱ्यांना, शाळेत खगोल मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांना आणि या विषयात पुढे शिकायला निघालेल्या मुलामुलींना उपयोगी पडेल अशा क्रमाने ती पद्धत इथे मांडतो आहे. गणित सातवीचं आहे.

आधी मोठ्या दुर्बिणींकडे एक नजर

खगोलशास्त्र निरुपद्रवी वाटतं. वर बघायचं, त्यात धूर कुठून आला? पण दुर्बिणी बांधायला पोलाद आणि सिमेंट लागतं, उपग्रह सोडायला रॉकेट लागतं, आणि वाळवंटातल्या वेधशाळेला चोवीस तास वीज लागते. चिलीतली 'आल्मा' ही वेधशाळा ५,००० मीटर उंचीवर आहे; विजेच्या जाळ्यापासून इतक्या लांब की तिने स्वतःची वीज इंधन जाळून बनवली आहे.

फ्रान्समधल्या टूलूजच्या युर्गेन क्नोड्लझेडर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जगभरातल्या वेधशाळा आणि अवकाश मोहिमांचा मिळून हिशेब मांडला. चालू असलेल्या साधनांचा वार्षिक आकडा आला सुमारे १२ लाख टन. दर खगोलशास्त्रज्ञामागे वाटला तर वर्षाला ३६.६ टन. आपल्याकडे दरडोई वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे काय ते बघा. या आकड्यात चूक-भूल भरपूर आहे, कारण त्यांनी बहुतेक ठिकाणी दुर्बिणीची किंमत किंवा वजन यावरून अंदाज बांधला. ते त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. मला तो आकडा अंगठ्याने मोजल्यासारखाच वाटतो, पण अंगठा बरोबर दिशेला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०२० साली आपापल्या कामाचा हिशेब केला तर माणशी वर्षाला निदान ३७ टन निघाले, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, साधारण साठ टक्के, महासंगणकांच्या विजेचा. जर्मनीत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेने २०१८ सालचा हिशेब काढला तर माणशी १८ टन, आणि तिथे निम्म्याच्या आसपास विमानप्रवास. दोन देश, एकच विषय, गुन्हेगार वेगळे. ऑस्ट्रेलियात वीज कोळशाची, म्हणून संगणक महाग. जर्मनीत माणसं चिलीला आणि परिषदांना उडतात, म्हणून विमान महाग.

तुमच्या मंडळाचा गुन्हेगार तिसराच असू शकेल. दुसऱ्याची यादी वाचून सौर पॅनेल घ्यायला निघायचं नाही, हे मी ठेच लागून शिकलो.

पायरी १: वही उघडा

शंभर पानी वही पुरते. एका कार्यक्रमाला एक पान. पानावर पाच ओळी: किती माणसं, कोणती वाहनं किती किलोमीटर, जनरेटरचं इंधन, स्वयंपाकाचा गॅस, आणि घरून चार्ज करून आणलेली वीज. शेवटी बेरीज आणि भागिले माणसं.

गुणाकाराला हे आकडे पाठ करून ठेवा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेलचा लिटरला २.७ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा किलोमागे साधारण ३ किलो. भारतातल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो. पहिल्यांदा मलाही गंमत वाटली होती की एका लिटरचं वजन पाऊण किलो असताना धूर सव्वादोन किलो कसा? इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो, आणि ते वजन हवेतून येतं.

आमच्या त्या रात्रीचं पान असं आहे. बारा गाड्या, प्रत्येकी जाऊन-येऊन १३० किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तर १०४ लिटर पेट्रोल; २३९ किलो. जनरेटर सात लिटर, १६ किलो. चहा आणि खिचडीला दोन किलो गॅस, ६ किलो. दुर्बिणी, कॅमेरे, लॅपटॉप यांच्यासाठी घरून भरून आणलेल्या बॅटऱ्या सगळ्या मिळून दोन युनिट, १.४ किलो. एकूण २६२ किलोच्या थोडं वर, माणशी पावणेआठ. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त निव्वळ प्रवासाचे.

दशांश स्थळांवर रेंगाळू नका. गाडीचं ॲव्हरेज तेरा होतं की सतरा, याने निष्कर्ष बदलत नाही. आणि पान त्याच रविवारी भरा, नंतर कोण कुठल्या गाडीतून आलं होतं ते कुणाला आठवत नाही.

पायरी २: गाड्या कमी करा, जागा नीट निवडा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त वादही इथेच होतात. "माझी मुलगी लहान आहे, मध्येच निघावं लागलं तर?" "माझा ट्रायपॉड बसमध्ये कोण चढवणार?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून सरसकट नियम न करता आम्ही असं ठरवलं: दुर्बिणींसाठी एक गाडी, तीच अडीअडचणीला परत फिरणारी गाडी, बाकीचे सगळे सतरा आसनी दोन ट्रॅव्हलरमधून. दोन्ही ट्रॅव्हलर मिळून २९ लिटर डिझेल, म्हणजे ७८ किलो, आणि गाडीचे २०. एकूण ९८. आधीच्या २३९ च्या निम्म्याहूनही कमी, आणि माणशी खर्चही उतरला. वर्गणीचा आकडा ऐकल्यावर पर्यावरणाबद्दल फारसं काही न वाटणारेही ट्रॅव्हलरमध्ये बसले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

त्याहून चांगलं म्हणजे एसटी. ती तशीही धावणार असते, आणि तीस माणसं बसलेल्या गाडीत तुमच्या वाट्याला जाऊन-येऊन दोन-अडीच किलो येतात. स्टँडवरून शेवटचे सात-आठ किलोमीटर वडापच्या जीपने. अडचण परतीची नाही, कारण पहाटेची पहिली गाडी मिळते. अडचण जातानाची असते, शेवटची गाडी लवकर सुटते. म्हणून कार्यक्रम उजेडात सुरू करा. अंधार पडायच्या आत दुर्बिणी लावायची सवय नव्या लोकांना असावीच, नाहीतर रात्री नऊला कुणीतरी गवतात स्क्रू शोधत बसतो.

मुंबईकरांना तर लोकलचं वरदान आहे. तिथल्या खगोल मंडळाची वांगणीची रात्रभराची आकाशदर्शनं जुनी आहेत. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढचं हे स्टेशन. संध्याकाळच्या लोकलने उतरायचं, सकाळच्या लोकलने घरी. तेव्हा कुणी कार्बन मोजत नव्हतं, लोकांकडे गाड्या नव्हत्या एवढंच. पण ती जागा रेल्वेपासून हाकेच्या अंतरावर निवडली गेली, हा धडा आजही घेण्यासारखा आहे. नवी जागा शोधताना आपण नकाशावर काळोख शोधतो. त्याच नकाशावर जवळचं स्टेशन किंवा एसटीचा थांबा बघा आणि मग ठरवा. शंभर किलोमीटर दूरच्या थोड्या जास्त काळ्या आकाशापेक्षा पन्नास किलोमीटरवरचं बऱ्यापैकी काळं आकाश नवशिक्यांना पुरेसं आहे. पहिल्या वर्षात तुम्ही जे बघणार, म्हणजे चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, ते सगळं तिथून दिसतं. चंद्र आणि ग्रह तर गच्चीवरूनही. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जायला शून्य लिटर लागतं.

पायरी ३: वीज कुठे किती, ते बघा

जनरेटर आम्ही बंद केला. कार्बनमुळे नव्हे, आवाज, वास आणि थरथर यामुळे. खरं तर त्याची गरजच नव्हती.

दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारी मोटर १२ व्होल्टवर साधारण एक ॲम्पिअर घेते, म्हणजे १२ वॅट. दहा तासांना १२० वॅट-तास. भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळतात तो गरम पट्टा १५-२० वॅट. थंड ठेवायचा कॅमेरा ३० च्या आसपास. खरा खादाड लॅपटॉप, ५० वॅट सहज. त्याऐवजी हाताच्या तळव्याएवढा छोटा संगणक दुर्बिणीवर बसवला आणि फोनवरून चालवला, तर पाच-सात वॅटमध्ये भागतं.

आता बॅटरी. बाजारात सर्रास मिळणारी १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची शिशाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची असते, पण ती निम्म्यापेक्षा खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हातात ४०. नवे लोक हीच चूक करतात, दर हिवाळ्याला एक बॅटरी मारतात आणि नवी आणतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची २० ॲम्पिअर-तासांची बॅटरी महाग पडते. पण ती जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजनाला निम्मी आणि वर्षानुवर्षं चालते. आमच्या मंडळाने अशा दोन घेतल्या. सभासदांमध्ये फिरतात, वहीवर सही करून न्यायच्या. मेलेली शिशाची बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरीच्या दुकानदाराकडे जुनी देऊन नवीवर पैसे कापून मिळतात, आणि शिसं योग्य ठिकाणी जातं.

सौर पॅनेल? घ्या, हौस असेल तर. ज्या दोन युनिटांचे आमचे १.४ किलो होत होते, ती वाचतील. त्या पैशात ट्रॅव्हलरचं भाडं निघतं.

पायरी ४: दुर्बीण घाईने घेऊ नका, घेतलेली मरू देऊ नका

मंडळात आलेला दर तिसरा माणूस पहिल्याच महिन्यात दुर्बीण मागवतो आणि दुसऱ्या वर्षी ती माळ्यावर जाते. माझ्या ओळखीत माळ्यावरच्या सहा दुर्बिणी आहेत. त्यातली एक माझीच होती. न वापरलेल्या वस्तूच्या काच-धातूचा आणि परदेशातून विमानाने आलेल्या खोक्याचा सगळा खर्च फुकट गेलेला असतो. म्हणून आधी डोळ्यांनी आकाश शिका. मग १०x५० ची द्विनेत्री (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची), तीही कुणाची तरी जुनी. मग सहा महिने मंडळाच्या दुर्बिणीवर हात बसवा. तोवर आपल्याला ग्रह आवडतात की अंधुक दीर्घिका, हे कळलेलं असतं, आणि माळ्यावरची कुणाची दुर्बीण विकत घ्यायची तेही.

जुन्यातून नवं करण्याची परंपरा या छंदाला नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन डॉब्सन जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून आरसा बनवत, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी वापरत. आज जगभर विकली जाणारी 'डॉब्सोनियन' दुर्बीण त्यातून आली. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी मोठं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण, म्हणजे उजेडाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, १९६५ साली कल्याणला उभारली, ती ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या सहा फुटी ३२ जुन्या तबकड्यांवर. पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारताना त्यांनी पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, तबकडीवर जोर कमी येतो, म्हणून आधाराचं पोलादही कमी लागतं. हे पैसे वाचवायला केलं होतं, पण कमी पोलाद म्हणजे कमी धूर. विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं तेव्हा तबकडीच्या खाली उभं राहून जाळीतून आकाश बघा. एसटी जाते. मोबाइल मात्र बंद ठेवा; त्या दुर्बिणीसाठी तो झगझगीत दिवाच आहे.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. संधी मिळाली तर सोडू नका. स्वतः घासलेला आरसा कुणी माळ्यावर टाकत नाही.

आणि आता आपल्या हवेचा खरा शत्रू: पावसाळा. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत भिंगावर बुरशीचं जाळं उमटतं आणि हजारो रुपयांची द्विनेत्री संपते. उपाय स्वस्त आहे. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुरचुंडी, आणि कापडी पिशवी डब्याबाहेर, कारण कापडच ओल धरून ठेवतं. निळे खडे गुलाबी पडले की ते ओल पिऊन भरले. मग एका जुन्या, पुन्हा स्वयंपाकात न वापरायच्या कढईत मंद आचेवर परतायचे. दहा-पंधरा मिनिटांत कडेपासून परत निळे होऊ लागतात. त्या खड्यांतला रंग पोटात जाण्यासारखा नसतो, म्हणून कढई वेगळी आणि खिडकी उघडी. आरशाचा मुलामा उडाला तर दुर्बीण टाकू नका, ॲल्युमिनियमचा थर पुन्हा चढवून मिळतो. माझा आठ इंची आरसा दोनदा चढवून झाला आहे, आणि माळ्यावरून उतरवलेली दुर्बीण तीच.

पायरी ५: शेतावरचं वागणं

कागदी कप कागदी नसतात, आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्या रात्री आम्ही जवळजवळ दोनशे वापरले. आता ज्याने त्याने आपला स्टीलचा पेला आणायचा. विसरला तर चहा ओंजळीत. अजून कुणी दुसऱ्यांदा विसरलेलं नाही. जेवण आम्ही गावातल्या बचत गटाकडून घेतो. पिठलं, भाकरी, ठेचा. पुण्याहून थर्माकोलच्या डब्यांतून काही येत नाही, आणि पैसे गावात राहतात.

शेकोटी नको. धूर दुर्बिणीसमोर तरंगतो आणि अंधाराला सरावलेली नजर एका ज्वाळेने बिघडते. ती पुन्हा सरावायला अर्धा तास जातो. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी बांधा. मे अखेरीस भंडारदऱ्याच्या किंवा राजमाचीच्या बाजूला जाणार असाल तर टॉर्चच नको, कारण तेव्हा काजव्यांचा हंगाम असतो. त्यांचं जोडीदार शोधणं त्या मिणमिणत्या उजेडावर चालतं आणि आपल्या डोक्यावरच्या दिव्याने ते गोंधळतात.

उजेडाचा प्रश्न मात्र शेतापुरता नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या केलेल्या नोंदींवरून निघालं की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतं आहे. हाच उजेड आपल्याला दर काही वर्षांनी आणखी पुढे ढकलतो, म्हणजे पेट्रोल पुन्हा वाढतं. काळोख जवळ राखणं हा प्रवास कमी करण्याचाच मार्ग आहे. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलावे लागले.

तुमच्या गावात सुरुवात अशी करा. ग्रामपंचायतीत 'तारे दिसत नाहीत' म्हणून जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. वीजबिल घेऊन जा. वर फुकट जाणारा उजेड दाखवा, दिव्याला टोपी बसवली तर कमी वॅटमध्ये रस्ता तितकाच दिसतो हे एका खांबावर करून दाखवा. दिवे नवे घेणारच असतील तर पांढऱ्याफटकऐवजी पिवळसर, ३,००० केल्विन किंवा त्याखालचे, एवढी एकच ओळ त्यांच्या मागणीपत्रात घालून घ्या. एका गावाने आमचं ऐकलं, एकाने चहा पाजून वाटेला लावलं.

विद्यार्थ्यांसाठी: संगणकाचं बिल

एमएस्सी किंवा पीएचडीकडे निघालेल्यांचा हिशेब वेगळा. तुमची गाडी म्हणजे महासंगणकावर चालवायला टाकलेलं काम, 'जॉब'. सोपा अंदाज: दर कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या एकेका भागाला, थंड ठेवण्याच्या विजेसकट, दहा वॅट धरा. ६४ कोअरवर दहा दिवस चाललेला जॉब म्हणजे ६४० वॅट गुणिले २४० तास, साधारण १५४ युनिट, १०८ किलो. आणि तो नवव्या दिवशी एका टायपिंगच्या चुकीने पडला, तर पुन्हा १०८. म्हणून आधी छोट्या नमुन्यावर तासाभरात चालवून बघा, मधली अवस्था साठवत चला, आणि पायथॉनमध्ये लाखो वेळा फिरणारा लूप असेल तर तेवढा भाग वेगवान भाषेत किंवा तयार लायब्ररीत हलवा. गाइड सहसा हे विचारत नाहीत. कोअर-तासांची ओळ प्रबंधाच्या परिशिष्टात स्वतःहून घाला.

नवी निरीक्षणं घ्यायच्या आधी जुनी धुंडाळा. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ पासून आकाशात आहे आणि त्याची आकडेवारी खुली आहे. गाया उपग्रहाची १.८ अब्ज ताऱ्यांची यादी कुणालाही फुकट उतरवून घेता येते. खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदींत भारतातले हौशी लोक घरबसल्या नव्या रेडिओ दीर्घिका शोधतात. 'रॅड ॲट होम' हा उपक्रम २०१३ पासून तेच करतो. धूर आधीच निघून गेला आहे, आता त्यातून जितकं ज्ञान पिळून निघेल तितकं काढावं.

परिषदांचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. युरोपियन खगोल संस्थेची २०१९ सालची परिषद फ्रान्सच्या ल्यों शहरात भरली, १,२४० माणसं आली, प्रवासाचे १,८५५ टन. पुढच्या वर्षी करोनामुळे तीच ऑनलाइन झाली, माणसं उलट वाढली, आणि आकडा ५८२ किलो. टन नव्हे, किलो. अर्थात मोठ्या माणसाशी चहाच्या रांगेत बोलून नोकरी मिळते, स्क्रीनवर नाही, आणि ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी नवशिक्यांना 'उडू नका' सांगणं मला पटत नाही. विद्यार्थ्यांनी एखाद्या परिषदेला जावं. प्राध्यापकांनी दहापैकी सात सोडाव्यात.

लांबचे प्रवास

हान्लेला सगळ्यांना जायचं असतं. लडाखमधलं ४,५०० मीटर उंचीवरचं ते आकाश खरंच तसं आहे. पण पुणे-दिल्ली-लेह आणि परत म्हणजे साधारण ३,६०० किलोमीटर उड्डाण. प्रवाशाला किलोमीटरमागे १०० ग्रॅम धरले तर एकट्या माणसाचे ३६० किलो, लेहच्या पुढचं डिझेल वेगळं. आमच्या सगळ्या ३४ जणांच्या त्या रात्रीपेक्षा जास्त. तिथली दोन मीटरची 'हिमालयन चंद्रा' दुर्बीण शास्त्रज्ञ स्वतः २००१ पासून बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहाच्या दुव्यावर चालवतात. जायचंच असेल तर दरवर्षी तीन रात्री न जाता आयुष्यात एकदा दोन आठवडे जा, दिल्लीपर्यंत रेल्वेने.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास सूर्यग्रहण आहे. आपल्याकडून दिसलं तर खंडग्रास, तेही ऑगस्टच्या ढगांतून. जायचं की नाही, हे माझ्या वहीत दोनदा लिहून दोनदा खोडलेलं आहे.

आणि "झाडं लावली की झालं ना?" असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं. लावा, जगवा, पण हिशेबात वजा करू नका. धूर आज निघतो, झाड वीस वर्षांत तो घेतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नसतं. आमच्या एका सभासदाने लावलेल्या दहा रोपांपैकी तीन आहेत. त्यामुळे वहीत झाडांना रकाना नाही.

गेल्या फेब्रुवारीतल्या अमावास्येचं पान सोबत उघडं ठेवून हे लिहितो आहे. २२ माणसं, १७ एसटीने, पाच दुर्बिणींच्या गाडीतून. गाडीचे २०, एसटीचे ४०, गॅस ४, वीज १. एकूण ६५, माणशी तीनच्या आत. समासात काकूंच्या अक्षरात एक ओळ आहे: "परतीच्या पहिल्या गाडीत कंडक्टरने ट्रायपॉडचं अर्धं तिकीट फाडलं. पुढच्या वेळी ट्रायपॉडही दुर्बिणींच्या गाडीत."